पेट घेणारा शब्द

खुर्च्यांच्या कारखान्यात बैठकींवर फोम चिकटवता चिकटवता वीस वर्षं झाली, तेव्हा वहिनींनी सुपरवायझरच्या परीक्षेचा फॉर्म भरला. परीक्षेत इंग्रजीचे तीनशे अवघड शब्द होते. शाळेत शिक्षिका असलेली धाकटी नणंद रोज सकाळी चहा पिता पिता त्यांना शब्द विचारायची.

"इनकरेक्ट?"

"चुकीचं."

"इनफ्लेमेबल?"

"पेट न घेणारं," वहिनी पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "पुढे 'इन' लागलं की उलटा अर्थ. जमलं मला."

"नाही जमलं. इनफ्लेमेबल म्हणजे झटकन पेट घेणारं."

"काहीतरीच! मग तिथे 'इन' काय शोभेला लावलंय?"

"ते इंग्रजांना विचार, वहिनी."

नणंद हसत होती, पण वहिनींच्या हातातलं लाटणं थांबलं. परवाच कारखान्यात नव्या गोंदाचे सहा डबे आले होते. डब्यावर मोठ्या अक्षरात तोच शब्द होता. स्टोअरवाल्या काकांनी विचारलं, "बाई, काय लिहिलंय?" तेव्हा वहिनी अशाच ऐटीत म्हणाल्या होत्या, "पेट घेत नाही. ठेवा कुठेही." काकांनी डबे लोखंडी सांगाड्यांच्या खोलीत भिंतीला लावले. आणि आज नऊला तिथे वेल्डिंग होतं.

काकांना फोन लावला, तर नुसतीच रिंग. मग तवा तसाच सोडून, पायात जे सापडलं ते सरकवून वहिनी निघाल्या. घरापासून कारखाना तीन चौक. एरवी जिना चढतानाही धापा टाकणाऱ्या बाई त्या दिवशी धावल्या.

वेल्डर डोळ्यांवर काच ओढत होता.

"थांबा! पेटवू नका!"

सगळे वळून बघू लागले. धाप लागली होती, म्हणून वहिनींनी नुसतं डब्यांकडे बोट केलं. काका वाकले, तर एका डब्याचं झाकण सैल होतं आणि खाली गोंद ओघळला होता. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"पण बाई, तुम्हीच तर म्हणाला होतात..."

"हो काका, मीच म्हणाले होते. चुकलं माझं. शब्द उलटा वाचला मी."

डबे मागच्या मोकळ्या आवारात नेले, फरशी पुसली, खिडक्या सताड उघडल्या. मॅनेजरबाई आल्या. वहिनींनी काहीही लपवलं नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, जरा रागावल्या आणि म्हणाल्या, "डब्यांवर मराठीत चिठ्ठ्या लावा. आजच. तुमच्याच हातांनी."

तेव्हा कुठे वहिनींना दम खायची आठवण झाली. त्या उलट्या ठेवलेल्या खुर्चीवरच बसायला निघाल्या, तशी वेल्डरने हसत ती खुर्ची सरळ केली आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. पाणी पिता पिता त्यांना हसू आलं आणि डोळेही भरून आले.

नणंदेचा फोन आला. "वहिनी, अशी कशी गेलीस? काय झालं?"

"काही नाही गं," वहिनी म्हणाल्या. "खरंच, काहीच झालं नाही."