उलट दाराची फियाट

"तिचे दात दाखवा," पुंजाजी म्हणाले.

अकोल्याचा मोटार एजंट हसला. पुंजाजी हसत नाहीत हे पाहून त्यानं मुकाट्यानं फियाटचं बॉनेट उघडलं.

पुंजाजी मालेगावच्या बाजारातले बैलांचे दलाल. त्यांनी निवडलेला बैल तीस वर्षांत परत आला नव्हता. पण आता पैसेवाल्यांना मोटारी हव्या होत्या. रिठदचे नानाजी पाटीलही मोटार घेणार होते आणि "जनावर असो का मोटार, पारख पुंजाजीची," असं चारचौघांत बोलून बसले होते. आज पारख चुकली तर उद्या बैलासाठीही कोणी विचारणार नव्हतं. पुंजाजी स्वतः मोटारीत एकदाच बसले होते, तेही ती बंद असताना.

पाटलांच्या अंगणात मॉरिस, स्टँडर्ड आणि फियाट अशा तीन मोटारी ओळीनं उभ्या होत्या. पुंजाजींनी तिघींच्या पाठीवरून हात फिरवला. बैलाचं शुभ-अशुभ सांगणारा केसांचा भोवरा कुठंच सापडला नाही.

"ही एका गॅलनमध्ये..." एजंटनं सुरुवात केली.

"थे राहू द्या. पाटील, बसन कोन हिच्यात?"

"घरचे सारे."

"साऱ्यात दुखणं कोनाले?"

"मायले. गुडघे."

"मंग आना मायले."

ऐंशी वर्षांच्या रंगूबाई काठी टेकत आल्या. मॉरिसमध्ये त्यांचं डोकं आत गेलं, पाय बाहेर राहिले. स्टँडर्डमध्ये एक पाय आत गेला, रंगूबाई बाहेर राहिल्या. गाड्यांचा दोष नव्हता; गुडघा वाकत नव्हता.

फियाटचं पुढचं दार उलटं, मागच्या अंगाला बिजागऱ्या असलेलं. ते उघडताच जमलेले लोक खिदळले. "पुंजाजी, ही तं उफराटी हाय!"

पुंजाजींनी दाराकडे पाहिलं, मग म्हातारीकडे.

"माय, बैलाच्या दमणीत बसता तशा बसा. पाठमोऱ्या."

रंगूबाई वळल्या, टेकल्या, दोन्ही पाय उचलून आत घेतले. पदर सारखा केला.

"झालं माय, उतरा आता," नानाजी म्हणाले.

"काहून?"

सौदा रंगूबाई आत असतानाच करावा लागला.

एजंटनं किल्ली नानाजींपुढं धरली. नानाजींनी हात मागंच ठेवले.

"आमच्याकडं नव्या जनावराचं दावं दलालाच्या हातून घेतेत."

एजंट गोंधळला, मग पुंजाजींकडे वळला. पुंजाजींनी उपरण्याच्या टोकात किल्ली घेतली आणि कपाळाला लावली. किल्ली असेल दोन तोळ्यांची. त्यांनी पाय मात्र रोवले होते, उधळता गोऱ्हा धरल्यासारखे.