माझ्या पोटातला कुकर आणि कॅनकूनचा समुद्र

मी एक जुनी निळी बॅग आहे. मला चार चाकं आहेत. त्यांतली तीन एका दिशेला जातात आणि चौथं स्वतःच्या मताने चालतं. माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला शहाणपण आलं बंगळूरच्या राजाजीनगरात, पद्मनाभ आणि स्मिता यांच्या घरी. दुकानात मला उचलून, आपटून, पुन्हा उचलून पद्मनाभ म्हणाले होते, "दणकट आहे." मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती पहिली स्तुती. दुसरीची मी अजून वाट बघते आहे.

उमेदीच्या काळात मी निपाणीची लग्नं केली, पुण्याची बारशी केली. लेक शाल्मली ह्यूस्टनला गेली तेव्हा लोणच्याच्या बरण्या पोटात घेऊन सातासमुद्रापार जाऊन आले. त्यानंतर मला माळ्यावर टाकलं. जुने पडदे आणि आकाशकंदिलाचा सांगाडा पोटात घेऊन मी तिथे पडून राहिले. तक्रार नाही. पडदे शांत स्वभावाचे होते.

मग आईबाबांच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून शाल्मलीने मेक्सिकोत, कॅनकूनच्या समुद्रकाठी, एका रिसॉर्टची खोली घेऊन दिली. त्या दोघांकडे अमेरिकेचा चालू व्हिसा होता, म्हणून मेक्सिकोचा वेगळा लागला नाही. तुम्ही जाणार असाल तर निघण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. नियम आपल्याला न विचारता बदलतात. महिना फेब्रुवारीचा निवडला, ते बरं केलं. उन्हाळ्यात तिथे किनाऱ्यावर शेवाळाचे ढीग येतात आणि पावसाळ्यात वादळं.

मला खाली काढलं त्या दिवशी स्मिताताई म्हणाल्या, "तिथे मनगटाला पट्टी बांधतात. मग दिवसभर हवं ते खा, सगळं धरूनच पैसे घेतलेत. मला आठवडाभर स्वयंपाकाचं नाव ऐकायचं नाही. दुसरं काही नको मला."

"हवं ते म्हणजे मासे," पद्मनाभ म्हणाले. "आपलं काय? जरा भात टाकायची सोय असलेली बरी."

"टाकणार कोण?"

पद्मनाभ स्वयंपाकघरात गेले. माझ्यात विजेचा भाताचा कुकर आला. त्याच्या आत तांदळाचं सीलबंद पाकीट, बाजूला मूगडाळ, मेतकूट आणि कढीपत्ता. शेजारच्या धनलक्ष्मी अक्का चटणीपुडी, म्हणजे कोरडी चटणी, घेऊन आल्या.

"स्वल्पच आहे, घेऊन जावा."

"अक्का, तुम्हीपण?"

"अगं, ते खातील की. तू समुद्रात जा. सरी? ठीक ना?"

स्मिताताईंनी माझी चेन लावली. चेन किती जोरात ओढली, त्यावरून माणसाचा राग बॅगेला बरोबर कळतो.

मित्रांनो, एक जोड कपडे नेहमी हातातल्या पिशवीत ठेवा, कारण माझ्यासारख्या बॅगा कधी कधी वेगळा देश बघायला जातात. त्या खेपेला मी वेळेवर पोहोचले. कॅनकूनला अधिकाऱ्याने मला उघडलं. सुटी डाळ, कढीपत्ता, घरचं काहीही असलं की तिथे चौकशी होते. त्याने डाळ काढली, कढीपत्ता हुंगला आणि दोन्ही बाजूला ठेवलं.

"कुकर पण घ्या," स्मिताताई त्याला मराठीत म्हणाल्या. त्याने तो अदबीने परत दिला.

बाहेर सुटाबुटातले लोक टॅक्सीबद्दल बोलत जवळ येतात आणि थोड्या वेळाने सुट्टीतल्या घराचा हिस्सा विकायला लागतात. आधीच ठरवलेली गाडी शोधा आणि चालू लागा. पद्मनाभ थांबले. मलाही थांबावं लागलं. त्यांना घर फुकटच मिळणार आहे असं वाटत होतं, पण स्मिताताईंनी माझी मूठ धरून मला पुढे ओढलं आणि ते मागून आले.

खोली तळमजल्यावर होती. गॅलरीत मी उभी, माझ्या अंगावर टॉवेल, आणि समोर इतका निळा समुद्र की मला माझ्या रंगाची लाज वाटली. पद्मनाभांनी बाटलीच्या पाण्यात तांदूळ धुतले. नळाचं पाणी तिथे पोटात घेऊ नये, एवढं त्यांनी पाळलं. पिन बदलायचा जोड लावून कुकर चालू केला. पण जोड फक्त पिनांचा आकार बदलतो. तिथली वीज आपल्यापेक्षा जवळपास निम्म्या दाबाची. मोबाइलचे चार्जर ती चालवून घेतात, आपल्याकडचा कुकर फक्त कोमट होतो.

स्मिताताई सनस्क्रीन लावून दारात पोहोचल्या होत्या.

"अगं, हे जरा बघतेस का? वाफच धरेना."

त्या थांबल्या. दाराच्या कडीवर हात तसाच. मित्रांनो, मला वाटलं, संपली सुट्टी. ही बाई आता वळणार, झाकण उघडणार, आणि मग आठवडाभर तिथेच उभी राहणार.

"तुम्ही बघा," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

पद्मनाभ कुकरसमोर बसले. झाकण उघडून बघत, पुन्हा लावत. दुपार कलली तरी तांदूळ भिजलेलेच. शेवटी त्यांनी प्लग काढला, चटणीपुडी खिशात टाकली आणि बाहेर पडले.

बऱ्याच वेळाने ते मला वाळूतून चालताना दिसले. दोन्ही हातांत दोन भरलेल्या ताटल्या, पावलं सांभाळून. इतक्या वर्षांत त्यांनी ताटली अशी धरलेली मी पाहिली नव्हती.

"काय आणलंत?"

"भाकरीसारखं आहे, पातळ. आणि काळ्या घेवड्याची उसळ. चरबी नाही ना, ते विचारलं. शाल्मलीने पाठ करून घेतलं होतं तेच स्पॅनिश वाक्य म्हटलं. आचाऱ्याला अक्कांची चटणी दिली, तो खूश झाला. लिंबू पिळू?"

"पिळा."

त्या पाण्यात पाय सोडून जेवल्या. पुढचे सगळे दिवस ताटली पद्मनाभांनीच आणली. फक्त एका संध्याकाळी दारातून परत यावं लागलं, कारण तिथल्या रात्रीच्या हॉटेलांत पुरुषांना फुल पँट लागते, प्रवासातली पँट धुवून वाळत होती आणि माझ्यात दुसऱ्या पँटच्या जागी कुकर होता.

मित्रांनो, आम्हां बॅगांची थोडी काळजी घ्या. समुद्रावरून आल्यावर चाकं ओल्या फडक्याने पुसा, खारं पाणी लोखंड खातं. माळ्यावर टाकण्याआधी दिवसभर उघडं ठेवा. आणि भरताना काय न्यायचं हे सगळेच विचारतात. काय घरी ठेवायचं, हेही एकदा विचारा.

परवा मला पुन्हा खाली काढलं. पद्मनाभांनी स्वतः पुसलं, उघडलं आणि स्मिताताईंना विचारलं, "या वेळी घरी काय काय ठेवून जायचं?"

त्यांनी सनस्क्रीनची बाटली माझ्यात टाकली.

"तुम्ही चला," त्या म्हणाल्या. "बाकीचं बघू."