एकोणीस किलोमीटर

सोमवारी सकाळी माझं साठ फुटांचं गॅरेज एकोणीस किलोमीटर लांब झालं. रुंदी होती तेवढीच राहिली.

कोल्हापुरात उद्यमनगरला आम्ही बापलेक काम करतो. पुढे मी इंजिनं बांधतो, मागच्या भिंतीशी आप्पांचा लेथ. आप्पांचं वय अठ्ठ्याहत्तर. पन्नास वर्षं त्या आवाजात काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आमचं बोलणं पान्यानं चालतं. लोखंडावर एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चालू कर.

घोरपडे वकिलांची अमेरिकन मोटरसायकल दुरुस्तीला आली होती. लांबच्या प्रवासासाठी बनवलेली, दणकट, पण अंगानं सडपातळ. बनवणारी कंपनी एवढीशी. थोड्याच गाड्या काढल्या आणि कुलूप लावलं. मोटारीचं आठ सिलिंडरचं इंजिन मधोमध कापून अर्धं बसवावं, तसं तिचं इंजिन. क्रँक, म्हणजे आतला फिरता दांडा, गाडीच्या लांबीत ठेवलेला, त्यामुळे जागेवर रेस केली की गाडी एका कुशीला झुकते. मला ती फार आवडली. आतली एक पुशरॉड, व्हॉल्व्ह उघडणारी बारीक सळई, वाकली होती आणि सुटा भाग कुठेच मिळेना. आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून, बोटांनी चाचपून नवी बनवली.

इंजिन बांधलं की गाडी स्टँडवर चढवायची आणि गिअर टाकून, मागचं चाक हवेत फिरवत इंजिन मोकळं करायचं, हा आमचा रिवाज. तिच्या पुस्तकात मात्र लिहिलं होतं, इंजिन रस्त्यावरच मोकळं करा. वकिलांनी मला ते वाचूनही दाखवलं. मी म्हटलं, "पुस्तक त्यांच्या गावचं आहे साहेब, इंजिन आमच्या हातचं." शहाणपणा नडला.

चाक जागच्या जागी फिरत होतं. कापलेलं अंतर बाहेर जाऊ शकलं नाही, म्हणून गॅरेजमध्येच साठत गेलं. मागून आप्पांचा एक ठोका आला, पण फार उशिरा. मी इंजिन बंद केलं तेव्हा लेथवरचा दिवा निरांजनाएवढा दिसत होता. सुरू करताना शून्यावर आणलेल्या मीटरवर एकोणीस किलोमीटर झाले होते.

माझी बायको शालन चहा घेऊन आली. तिनं मागे बघितलं.

"आप्पास्नी च्या कुठं देऊ?"

"चाक हातानं उलटं फिरवायचं," मी म्हणालो. "एका फेऱ्याला दोन मीटर परत येतील."

"पर ते चालत निघालं असतील तर?"

"एक वाजल्याशिवाय आप्पा स्टूल सोडत नाहीत. जेवायलाच उठतात."

तेव्हा अकरा वाजले होते. आम्ही आळीपाळीनं चाक फिरवू लागलो. मीटर उतरत गेला, दिवा मोठा होत गेला. माझे तळवे सोलले तरी थांबलो नाही. मीटर शून्यावर आला आणि मागची भिंत आपल्या जागी येऊन उभी राहिली.

लेथ बंद होता. पुसून, वर फडकं घडी करून ठेवलेलं. आप्पा नव्हते, त्यांचा पानाही नव्हता.

शालननं घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजले होते.

"एकला उठलं असतील," ती म्हणाली.

आप्पा जेवायला निघाले होते, आणि ते चालत होते ती वाट मीच गुंडाळत बसलो होतो. मला रडू फुटलं. मग सवयीनं मी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. टॅपेटचा आवाज असाच ऐकतात. बंद इंजिनात चपलांची करकर ऐकू येत होती.

तेवढ्यात वकील आले. "झाली का, सर्जेराव? सुरू करून दाखवा बघू."

"सुरू केली तर वाट उलगडेल, साहेब. पण आप्पा आत क्रँकपाशी असले तर?"

"आणि नाही केली तर?"

"तर ते आतच राहतील."

वकिलांनी विचार केला. मग खाली वाकून, अगदी हळू, बटणावर बोट ठेवलं. "तुम्ही सांगाल तसं," ते म्हणाले.

करकर थांबली. शालननं माझा खांदा धरला. आतून, लोखंडावर, पान्याचा एक ठोका आला.

मी मूठ कानाशी घट्ट दाबली आणि दुसऱ्या ठोक्याची वाट पाहू लागलो.