अमावास्येची ओहोटी

कालवं फोडून पोट भरणाऱ्या प्रेमला मावशीला घिवलीच्या किनाऱ्याचा खडक न् खडक ठाऊक होता. म्हणूनच पालघरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणाऱ्या किंजलने तिला गाठलं. अमावास्येला समुद्र खूप लांब हटतो. तेव्हाच उघडे पडणारे शेवटचे खडक तिला पाहायचे होते.

पहाटे दोघी निघाल्या. वाटेत एक चर लागला, पाणी जेमतेम घोट्याला. पलीकडे डबक्याडबक्यांत जीव होते: समुद्रफुलं, शंख, दगडाखाली दडलेले खेकडे. किंजल फोटो काढत राहिली, मावशी कालवं फोडत राहिली.

"पाणी फिरलं, पोरी. चल."

नेमका तेव्हाच कपारीतून एका ऑक्टोपसने भुजा बाहेर काढली. किंजल खडकावर पालथी झाली.

"मावशी, दोनच मिनिटं."

"दर्या थांबत नाय कोनासाठी," मावशी म्हणाली, पण स्वतः थांबली. दोनाची पंधरा मिनिटं झाली.

परतताना चरात पाणी छातीला लागलं. ओढ जबर होती. मावशीने कालवांची टोपली सोडून दिली, किंजलला पुढे घातलं आणि तिच्या पाठीला हात लावून रेटत राहिली.

"मागं बगू नको. पाय रोव."

पलीकडचा खडक हाताला लागला तेव्हा पाठीवर हात नव्हता. किंजलने वळून पाहिलं. चराच्या तोंडाशी एकदा हिरवं लुगडं दिसलं, मग नुसतं पाणी.

तिच्या ओरडण्याने गाव जमलं, होड्या गेल्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुरबे गावच्या वाळूत मावशी सापडली.

गावात बायका म्हणू लागल्या, हावरीच ती, कालवांपायी गेली. ते किंजलच्या कानावर आलं. घरच्यांनी अडवलं तरी ती प्रेमलाच्या नवऱ्याकडे, कृष्णकांतकडे गेली.

"काका, मावशी चल म्हणत होत्या. मीच थांबवलं. मला ऑक्टोपस बघायचा होता."

कृष्णकांतने मान वर केली.

"बगितलास?"

"हो."

"तिनं पन बगितला?"

"नाही. मावशी पाण्याकडे बघत होत्या."

तो भिंतीला धरून उठला. "मंग हे मला एकट्याला नको सांगूस. बाहेर बाया बसल्यात, त्यांच्यापुढं सांग."

अंगणात कुणी तिला बस म्हटलं नाही. किंजलने उभ्यानेच सांगायला सुरुवात केली.