घळीतले पहारेकरी

अकरा वर्षं मी या डोंगरावर सापळ्यांतले भुंगेरे मोजतोय. पाइनची साल पोखरणारे, तांदळाच्या दाण्याएवढे काळे भुंगेरे. फॉर्मवर रकाना एकच, त्यांचा. सापळ्यात पडलेले बाकीचे किडे मी जागेवरच झटकून टाकायचो. नसती उठाठेव कोण करणार?

परवा गुडघा आखडला, म्हणून घळीतल्या सापळ्याची बाटली न निवडताच वनखात्याच्या कार्यालयात आणली. तिथे निवडायच्या टेबलावर माझी बायकोच असते. तिने चिमट्याने लाल पाठीचे, मुंगीसारखे किडे बाजूला काढले.

"हे काय?"

"कचरा."

"अहो, हा कचरा भुंगेरे खातो! तुम्ही नुसते चोर मोजता. शिपाई कोण मोजणार?"

माझं डोकंच फिरलं. पण रात्रभर तिचा प्रश्न मनातून हलेना. उन्हाकडच्या उतरणीवरची झाडं भुंगेऱ्यांनी केव्हाच वाळवून टाकली होती, आणि साथ पसरू नये म्हणून आता सावलीतली घळही तोडायची होती. चौघांच्या कवेत न मावणारी झाडं, आणि त्यांच्यावर तोडीच्या खुणेचे लाल पट्टे ओढायचं काम माझ्याकडे.

सकाळी रंगाचा डबा खोलीतच ठेवला आणि कार्यालयातल्या साहेबांना घेऊन आम्ही दोघं निघालो. डोंगराची धार ओलांडून घळीत उतरलो तशी अंगाला गार हवा लागली. बायकोने एका पोखरलेल्या झाडाची साल सुरीने अलगद उचलली.

आत बोगदेच बोगदे, आणि बोगद्याबोगद्यात गुलाबी अळ्या भुंगेऱ्यांच्या पिल्लांचा फडशा पाडत होत्या.

"ही त्या लाल किड्यांची पोरं," ती म्हणाली. "उन्हात भुंगेरे इतके भराभर वाढतात की हे मागे पडतात. इथे गारव्यात भुंगेरे मंदावतात, मग हे पुरून उरतात."

मधे फक्त एक धार, आणि दोन बाजूंना दोन राज्यं! एवढा डोंगर तुडवला, पण तो झाडं कशी राखतो ते कधी बघितलंच नव्हतं. अंगावर काटा आला. टोपी कधी काढली, कळलंही नाही.

साहेब बराच वेळ वाकून बघत राहिले. "तोड थांबवतो," ते म्हणाले. मग त्यांनी धारेकडे पाहिलं. "पलीकडे होते का हो हे?"

बायको सुरी पुसत होती.

"होते, साहेब," मी म्हणालो. "आधी मूठमूठभर निघायचे. मग चार-दोन. मग एकही नाही. मी ते कुठेच लिहिलं नाही."