नळीचं दुसरं टोक

थोरल्या गवंड्याने आयुष्यात दीड-दोनशे घरांचं पाणी बाहेर काढून दिलं, आणि त्याच्या स्वतःच्या झोपायच्या खोलीची भिंत कमरेपर्यंत ओली होती. बायको रोज सकाळी केर काढताना पडलेले पोपडे सुपलीत भरायची आणि मुद्दाम त्याच्या समोरून न्यायची.

"लोकांची घरं कोरडी ठणठणीत आणि आपल्या भिंतीला बुरशी," ती म्हणायची. "दिव्याखाली अंधार तो हाच!"

अंधार कशाने आला हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शेजारचं घर धाकट्या भावाचं. तोही गवंडी. दोन घरांमध्ये चार हात रुंदीची बोळ, अर्धी याची, अर्धी त्याची. अकरा वर्षांपूर्वी दोघांचं बोलणं बंद झालं, आणि मग धाकट्याने आपल्या अर्ध्या भागावर काँक्रीटचा थर टाकला. त्याचा ढाळ थेट थोरल्याच्या भिंतीकडे! थोरला काय कमी? त्याने आपला अर्धा भाग चार बोटं आणखी वर उचलला. पुढच्या वर्षी धाकट्याने, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा याने. असं करता करता बोळ दोन्ही घरांच्या जोत्याच्या वर गेली. आता छपरावरचं पाणी बोळीत तुंबायचं आणि इमानदारीने वाटणी करून दोन्ही भिंतींत शिरायचं. कुणा शिकाऊ माणसाने असं काम केलं असतं तर या दोघांनीच त्याचे कान उपटले असते.

भांडण झालं होतं ते एका कामावर. गवंडी ढाळ काढतात तो पाणी भरलेल्या लांब पारदर्शक नळीने. एकाने इकडचं टोक धरायचं, दुसऱ्याने तिकडचं. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं, तिथून मोजायला सुरुवात. तीस वर्षं थोरला एका टोकाला आणि धाकटा दुसऱ्या टोकाला. "आलं का?" हा ओरडायचा. "आलं!" तो म्हणायचा. पुष्कळदा दिवसभरात दोघांत तेवढंच बोलणं व्हायचं, आणि पुरायचं. त्या दिवशी ढाळ उलटा निघाला. थोरल्याने घरमालकासमोर, मजुरांसमोर, चारचौघांत धाकट्याची पेन्सिलीची खूण पायाने पुसली आणि म्हणाला, "तुला अजून नळी धरता येत नाही." धाकटा थापी धुऊन निघून गेला. संध्याकाळी नळी गुंडाळताना थोरल्याला दिसलं, की नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता, आणि तो त्याच्याच टोकाला होता. हे त्याने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

गेली तीन वर्षं मात्र त्याचा जीव भावासाठी तुटत होता. काम सुटलं, हात रिकामे झाले, आणि रिकाम्या हातांना ते दुसरं टोक आठवायला लागलं. रोज सकाळी चहाचा कप घेऊन तो बोळीत यायचा आणि भावाच्या खिडकीखाली खाकरायचा. एकदा, दोनदा. आतून कप वाजायचा, खुर्ची सरकायची, पण उत्तर म्हणून काही यायचं नाही. उलट टीव्हीचा आवाज असा, की भिंत थरथरावी.

"मुद्दाम लावतो," तो बायकोला म्हणायचा. "मला ऐकवायला."

"भाऊजींना नसेल कळत," ती म्हणायची.

"त्याला सगळं कळतं!"

यंदा भिंतीचा गिलावा हाताएवढा सुटून उशीवर पडला. थोरला उठला, छिन्नी-हातोडा घेतला आणि आपला अर्धा भाग फोडायला बसला. जोत्याच्या वीतभर खाली जायचं, दोन्ही बाजूंनी मधे ढाळ द्यायचा आणि मधून पन्हळ काढून पाणी रस्त्याच्या गटाराला सोडायचं, हा एकच उपाय होता.

"अहो, आपलाच भाग खाली घेतलात तर त्यांचंही पाणी आपल्याच अंगावर येईल," बायको म्हणाली.

"येऊ दे. कुणीतरी खाली यायला हवं ना."

दोन दिवस तो घाव घालत होता. भावाच्या खिडकीचा पडदा दोनदा हलला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो पन्हळीचे अर्धगोल पाइप घेऊन आला, तर धाकट्याचा अर्धा भागही फुटलेला! तुकडे भिंतीपासून दूर रचून ठेवलेले, मोठे खाली, लहान वर. असे तुकडे जगात एकच माणूस रचायचा. थोरल्याने पाइप खाली ठेवले आणि उगाचच नाक शिंकरलं.

मग माळ्यावरची जुनी नळी काढून त्याने पाणी भरलं. या वेळी बुडबुडा नाही ना, हे तीनदा पाहिलं. एक टोक रस्त्याकडच्या बाजूला, धाकट्याच्या भिंतीवर पेन्सिलीने खूण करून, खिळ्याला सुतळीने बांधलं आणि दुसरं घेऊन तो बोळीच्या मागच्या तोंडाशी गेला. मधे न्हाणीघर पुढे आलेलं, त्यामुळे तिकडचं इकडे दिसत नाही. एकट्याने नळी लावणं म्हणजे एका हाताने टाळी वाजवणं. सुतळी सैल पडायची आणि पाणी खाली सरकायचं. दोनदा तो हेलपाटा घालून आला.

तिसऱ्यांदा टोक भिंतीला टेकवलं, तर नळीतलं पाणी आपोआप हललं. वर चढलं, थबकलं, बोटभर खाली आलं आणि निश्चल झालं. सुतळीला असं जमत नाही. तिकडचं टोक कुणीतरी हातात घेतलं होतं.

"आलं का?" थोरल्याने विचारलं.

उत्तर नाही.

"आलं का रे?"

नाहीच. हा टोक धरेल, पण शब्द देणार नाही! आणि द्यावा तरी का? थोरल्याने पाण्याकडे बघत, हळू आवाजात, अकरा वर्षं दाताखाली धरलेलं वाक्य बोलून टाकलं. "त्या दिवशी बुडबुडा माझ्या टोकाला होता. तुझी खूण बरोबर होती. चुकलो मी."

तरीही तिकडे शांतता. याहून जास्त काय करायचं माणसाने? थोरल्याचं डोकं फिरलं. टोक विटेखाली दाबून तो तरातरा बोळ ओलांडून गेला.

धाकटा भिंतीला खांदा लावून उभा होता. केस पार पांढरे झालेले. नळी दोन्ही हातांत, अंगठा बरोबर खुणेवर, आणि नजर पाण्यावर खिळलेली. थोरला अगदी जवळ आला तेव्हा दचकून त्याने वर पाहिलं.

"कधीचा धरून उभा आहे मी, दादा," तो म्हणाला. "हाक का मारत नाहीस?"

"मारली की," थोरला पुटपुटला.

"मोठ्याने बोल," धाकटा कानाशी हात नेत म्हणाला. "तीन-चार वर्षं झाली, कानांचं काही खरं नाही."

तीन वर्षांची सकाळची खाकरणी थोरल्याच्या घशाशी आली. तो टीव्ही! त्याने भावाच्या कानाशी तोंड नेलं, आणि थबकला. खूण पुसली होती ती काही कानात कुजबुजून नव्हे. समोरच्या खिडकीत दोन बायका उभ्या होत्या, रस्त्यावर दूधवाला थांबला होता, दारात त्याची स्वतःची बायको हात पुसत आली होती. तो एक पाऊल मागे सरला, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, "त्या दिवशी बुडबुडा माझ्या टोकाला होता! तुझी खूण बरोबर होती! चुकलो मी!"

दूधवाल्याने सायकल स्टँडवर लावली.

धाकट्याने डोळे मिटले, उघडले. नळी तसूभरही हलली नाही.

"ते मला तेव्हाच दिसलं होतं," तो म्हणाला. "जा, तुझं टोक धर. हाताला रग लागली माझ्या."