लालीची जीभ

"जीभ वड! भायेर वड, मगच घशात उतरंल!"

केरूने घोडीची जीभ मुठीत धरून ओढली. मेव्हणा रामा बांबूचं नळकांडं तिच्या तोंडात सारत होता. आत हिंग-ओव्याचा काढा. लाली सकाळपासून पोटदुखीने लोळत होती.

कडाक्!

नळकांडं दातांखाली चिरडलं. घोडीने मान झटकली. केरूने जीभ सोडली नाही.

सोडायला हवी होती.

लांज्याकडच्या गावी केरूने बारा वर्षं बैल राखले. बैलाला असंच पाजतात. बैलाला वर पुढचे दातच नसतात, नळकांडं चावणार कशाने? टांगा घेऊन रत्नागिरीत येऊन वर्ष झालं, पण हातांना अजून बैलच ठाऊक.

रक्त. काढा. पुन्हा रक्त.

म्हातारा दादू आला. साहेबाच्या घोड्यांच्या तबेल्यात त्याचा जन्म गेलेला. त्याने लालीचा ओठ हळूच उचलला, टाळूतून बांबूची बोटभर कूस उपसली आणि केरूच्या तळहातावर ठेवली.

"बैल वाटला काय रे तुला?"

"हाच वरडत होता, वड वड!"

"मी वड म्हटलं, उपट नाय म्हटलं," रामा म्हणाला.

"गप बसा दोगं. जिभेखाली फाटलंय."

"आन् पोट, दादूकाका?"

"पोट मोकळं व्हईल. तोंडाचं बग. खाल्लं नाय तर आडवी पडंल. लगाम तर म्हयनाभर दाखवूसुद्धा नको."

पोट संध्याकाळी मोकळं झालं. तोंड मिटलं ते मिटलंच.

पहिला दिवस: गवत नाही.

दुसरा: पाणी दोन घोट, तेही लाल.

तिसऱ्या दिवशी बरगड्या मोजता येऊ लागल्या. केरूने कोमट पेजेचं घमेलं पुढे धरलं. लालीचे कान मागे गेले. ती भिंतीला टेकली, थरथरली.

"मी हाय गो. मीच."

ती आणखी थरथरली.

सगुणाने, त्याच्या बायकोने, घमेलं काढून घेतलं. "तुमी हाव म्हनूनच. भायेर जावा."

"माजी घोडी, नि मीच भायेर?"

"जिती हवी ना?"

केरू बाहेर येऊन बसला. वारा त्याचा वास घेऊन गोठ्याकडे वाहत होता. हे ध्यानात येताच तो उठला, वळसा घालून पलीकडच्या दगडी गडग्याच्या भिंतीआड उकिडवा बसला.

आत काहीच नाही.

काहीच नाही.

मग सगुणाचा आवाज, अगदी हलका: "हां… हां गो बाय…"

आणि पेज ओढल्याचा आवाज. थांबला. पुन्हा आला.

केरूने डोकावून पाहिलं नाही. खोकला आला, तो त्याने मुंडाशाचं टोक तोंडात कोंबून दाबला.